झगड्याच्या माळावरची फक्की

मी दुसऱ्याच्या उभ्या गवतात पाय आपटत एक वाट पाडली, त्या वाटेवर फक्की टाकली आणि दोन्ही बाजूंना रंगीत चिंध्या बांधलेल्या काठ्या रोवल्या. मालकाला विचारलं नाही. फक्की म्हणजे क्रिकेटच्या मैदानात सीमा आखायला वापरतात ती पांढरी पूड. माझ्या मते मी इतिहास आखत होतो.

हे पुन्हा आठवायचं कारण असं की परवा चारोटीच्या नाक्यावर आम्ही भजी खायला थांबलो आणि समोरून गवताचा ट्रक गेला. गवताच्या ट्रकात ट्रक दिसतच नाही. एक भलंमोठं पिवळसर घर रस्त्याने निघालंय आणि त्याला खालून चाकं फुटलीत, असं वाटतं. तो गेल्यावर वास मागे राहतो. जरा गोड, जरा धुळकट, नाकात शिरला की शिंक येणार असं वाटावं आणि येऊ नये, असा. बायकोने तळलेली मिरची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "आली तुमची लढाई."

२०१९चा तो हंगाम विचित्र होता. दिवाळी होऊन गेली तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. आकाशकंदील भिजून लोंबत होते. आमच्या चिखले गावाला समुद्राकडून रोज ढग यायचे आणि आमच्या चिकूच्या वाडीवरून पूर्वेला, तलासरीच्या डोंगराकडे निघून जायचे. तिकडे माळामाळावर गवत कमरेएवढं वाढून तांबूस झालेलं. गवत कापायला आलं की ते थांबत नाही. उभं राहिलं तर नुसती काडी होते, कापल्यावर भिजलं तर काळं पडतं. मधे जे थोडे दिवस ऊन मिळेल तेवढ्यात कापा, वाळवा, भारे बांधा. त्या वर्षी तिकडची माणसं आभाळाकडे अशी बघत होती, जसं न विचारता घरात शिरलेल्या माणसाकडे बघावं.

आणि त्याच वेळी दुसरा एक हंगाम जोरात होता, मोजणीचा. नवा रस्ता जाणार, नवी रेल्वे जाणार. कोणाच्या शेतातून, ते नीट कोणी सांगत नव्हतं. सकाळी उठून बघावं तर बांधावर काठी, काठीला लाल चिंधी. आज काठी, उद्या पांढरी रेघ, परवा साहेब. टोपीवाला अनोळखी माणूस टपरीवर आला की चहा पिणाऱ्यांचं बोलणं बंद व्हायचं. हे सगळं मला माहीत होतं. रोज पेपरात वाचत होतो. माझ्या वाडीला धक्का लागणार नव्हता, म्हणून पान उलटत होतो.

डहाणूत आमचा गडकिल्ले बघणाऱ्यांचा एक गट आहे. वयं पन्नाशीतली, गुडघे सत्तरीतले. गंभीरगडाच्या अर्ध्यावर बसून आम्ही उरलेल्या गडाबद्दल इतक्या वेळा बोललो आहोत की माथ्यावर काय आहे ते न बघता पाठ झालंय. आमच्यातले हसमुखभाई, ज्यांचं डहाणूत रंग-हार्डवेअरचं दुकान आहे, एकदा तिथेच धापा टाकत म्हणाले, "आता काहीतरी सपाट शोधो ने." तेव्हा माझ्या डोक्यात वीज चमकली. रणांगण! रणांगण सपाट असतं.

त्याच आठवड्यात तलासरीच्या पुढे, डोंगराच्या बाजूला, एका टपरीवर मला झगड्याच्या माळाचं नाव ऐकू आलं. सावकाराच्या काळात तिथे मोठी मारामारी झाली होती म्हणे. मी विचारलं, कोणाकोणात? टपरीवाला कपावर बशी ठेवत म्हणाला, "एकाच गावातली मान्सं. दोन्हीकडं."

एकाच गावातली माणसं, दोन्हीकडे. माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे यादवी! सरळ यादवी! आपल्या तालुक्याच्या शेजारी आणि आपल्याला पत्ता नाही. शब्द माझ्याकडे तयार होता, फक्त युद्ध सापडायचं राहिलं होतं.

माळाच्या एका अंगाला वरचा पाडा, दुसऱ्या अंगाला खालचा पाडा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन्ही पाड्यांत फिरलो. त्यांची बोली मला समजते, पण लिहिता येत नाही. ते माझ्याशी बाजारात बोलतात तसल्या मराठीत बोलले, तसंच इथे देतो. खालच्या पाड्यातला लहानू हा माझ्याच वयाचा, बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून मागे बघणारा. त्याला विचारलं, "तुमचे आजोबा होते का हो त्या झगड्यात?"

"नाय. तो तवा उंबरगावला गेलता. लग्नाला."

वरच्या पाड्यातल्या रामजीचा आजा त्या दिवशी तापाने पडला होता. आणखी कोणाचा बैल शोधायला, कोणाचा सासुरवाडीला. मला एक अशी लढाई सापडली होती, जिला दोन्ही बाजूंनी कोणीच हजर नव्हतं. हे लोक काहीतरी लपवतात, असा माझा पक्का संशय झाला.

त्यांचाही माझ्याबद्दल होताच. "साहेब, कुठल्या खात्यातनं आले?" रामजीने विचारलं.

"खातं वगैरे नाही. हौस आहे."

"हौशीचं हाफिस कुठं? डहानूला का पालघरला?"

माळाची मालकीण नवशी मावशी. सत्तरी ओलांडलेली, काटकुळी, कंबरेत वाकलेली पण नजर सरळ. तिने मला काहीच विचारलं नाही. माझ्या पायांकडे बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बूट नवे हायेत." मला वाटलं कौतुक केलं. मी थँक्यू म्हटलं.

शेजारच्या एका माळावर कापणी चालू होती. एक वरच्या पाड्याचा, एक खालच्या पाड्याचा, पुन्हा वरचा, पुन्हा खालचा, असे बायका-पुरुष आडव्या रांगेत बसून कापत पुढे सरकत होते. विळ्यांचा आवाज खर्र-खर्र, एका लयीत. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. एकजण विळ्याला धार लावायला थांबला की अख्खी रांग थांबायची. मी विचारलं, असं का? लहानू म्हणाला, "असंच कापतात." मी फोटो काढायला रांगेच्या मागे गेलो. त्याबरोबर सगळे विळे थांबले, सगळी माणसं उभी राहिली आणि वळून माझ्याकडे बघायला लागली. किती सहकार्य करतात, असं म्हणून मी तो फोटो काढला. आमच्या गटावर टाकला. खाली लिहिलं, 'सामूहिक श्रमाचं सौंदर्य.' हसमुखभाईंनी लगेच अंगठा दिला. आज तो फोटो बघितला की त्यातल्या एकाही चेहऱ्यावर मला सौंदर्य दिसत नाही. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न दिसतो, हा मागे का आला?

त्या माळावरून घरी आलो की मोज्यांत कुसळं निघायची. गवताचं कुसळ पुढे सरकतं, मागे येत नाही. ओढून काढावं तर तुटतं आणि टोक आतच राहतं. मोजे धुतले, वाळवले, घातले, आणि महिन्याभराने भर लग्नात, अक्षता टाकताना, टोचलं. संशयाचं तसंच आहे असं मला तेव्हापासून वाटतं. पण हे आताचं शहाणपण आहे. तेव्हा मी फक्त खाजवत होतो.

शनिवारी मी तयारीला लागलो. रविवारी सगळा गट येणार, त्यांना नुसतं गवत काय दाखवायचं? कुठली बाजू कुठे उभी होती ते तरी दिसायला हवं. हसमुखभाईंनी दुकानातून फक्कीचं पोतं दिलं, बांबूच्या काठ्या दिल्या, लाल आणि हिरवं कापड दिलं आणि वर सल्ला दिला, "रेघ सीधी मारजो हां. वाकडी दिसली तर लोक हसेल." माझ्या अंदाजाने वर सावकाराची माणसं म्हणून लाल चिंध्या, खाली गवत कापणारे म्हणून हिरव्या. मधे रेघ. दुपारभर एकटा गवत तुडवत होतो. माळावर चिटपाखरू नव्हतं. आता विचार केला तर वाटतं, तिथे बरीच पाखरं असावीत, गवताआड.

रविवारी सकाळी स्वच्छ ऊन पडलं. कितीतरी दिवसांनी. आम्ही टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन पोचलो, आणि बघतो तर माझं रणांगण भरलं होतं. रेघेच्या वर वरचा पाडा उभा. रेघेच्या खाली खालचा पाडा उभा. सगळ्यांच्या हातांत विळे, कारण त्या दिवशी नवशी मावशीच्या माळाची कापणी ठरली होती. कापत मात्र कोणी नव्हतं. मी जशी कल्पना केली होती तंतोतंत तशी मांडणी. फक्त माणसं आजची होती.

हसमुखभाईंनी ते दृश्य क्षणभर पाहिलं. "मारे दुकान खोलवानी छे," म्हणाले, आणि रविवारी कधी न उघडणारं दुकान उघडायला निघून गेले. त्यांच्या मागे बाकीचे. मी मोटारसायकलला चावी लावायला गेलो तर चावी नवशी मावशीच्या मुठीत. तिने ती कमरेला खोचली आणि म्हणाली, "बस."

मी बसलो. रेघेवरच. दोन्ही बाजू माझ्यावर बोलतील अशी माझी अपेक्षा होती, पण त्या माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायला लागल्या.

"ह्याला तुमच्या पाड्यानं आनला," लहानू वरच्यांना म्हणाला. "तवा सावकाराची काठी धरली, आता मोजनीवाल्याची धरा!"

"आमी आनला? पैल्यांदा तुझ्याच वट्यावर बसला हा! पानी कोनी पाजलं ह्याला?"

"पानी तर कुत्र्यालाबी पाजतो."

हे ऐकून मी काही बोलणार होतो, पण नवशी मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि मी माझ्या बाटलीतलं पाणी प्यायलो.

"आन् काठी धरली म्हनतो," रामजीचा आवाज चढला, "धरली होती. पन मारली का मान्साला? माझ्या आज्यानं गवताला मारली. सगळ्यांनी गवताला मारली! तुझ्या आज्यानंबी इळा गवतावरच फिरवला. दोगंबी वरडत होते नुसते!"

"मग लाडक्याच्या डोक्यावर काय आभाळ पडलं?"

पोपटांचा एक थवा किरकिरत डोक्यावरून गेला.

महिनाभर ज्यासाठी मी पाड्यापाड्यात हिंडलो, तो इतिहास मला असा, आरोपी म्हणून बसवल्यावर मिळाला. हा माळ तेव्हा सावकाराचा, आणि गवत कापणाऱ्यांनी त्या साली त्यावर विळा लावायला नकार दिला होता. सावकाराने वरच्या पाड्यातल्या माणसांना काठ्या दिल्या आणि खालच्यांना बडवून काढायला सांगितलं. त्याचा माणूस घोड्यावर बसून लांब बांधावर उभा. इकडे दोन्ही बाजूंना मेहुणे, साडू, मामा-भाचे. मारायचं कोणाला? कोणी कोणाशी बोललं नाही, पण सगळ्यांना एकदमच सुचलं. मोठ्याने ओरडायचं आणि गवताला मारायचं. काठ्या गवतावर, विळे गवतावर, धूळ उडतेय, काड्या उडताहेत, बायका बांधावरून हंबरडे फोडताहेत. घोड्यावरच्या माणसाला लांबून ती खरी लढाई दिसली. तो खूश होऊन गेला. धूळ खाली बसली तेव्हा खालच्या पाड्याचा लाडक्या पालथा पडला होता, तो पुन्हा उठलाच नाही. काठी मागून बसली होती. कोणाची, ते कोणी पाहिलं नाही.

तेव्हापासून ती रांग. एक वरचा, एक खालचा. कोणाच्या मागे कोणी नाही. आणि झगड्याच्या माळावर ह्या अंगाला कोण, त्या अंगाला कोण, हे पुन्हा कधी उभं राहायचं नाही. दोन पिढ्या कोणी उभं राहिलं नव्हतं. मी एका दुपारीत उभं केलं, फक्की टाकून.

लाडक्याचे सगळे सोबती मग त्या दिवशी उंबरगावला, तापात, बैलाच्या शोधात असणारच. मी नंतर घरी माझ्या वडिलांना विचारलं, गवताच्या त्या झगड्यांच्या दिवसांत आपले आजोबा कुठे होते? आपल्या गाड्या तेव्हा गवत वाहायच्या ना स्टेशनवर, सावकाराचं? वडील सुपारी कातरता कातरता थांबले. म्हणाले, "ते त्या साली उंबरगावला होते." उंबरगावात तेव्हा केवढी गर्दी झाली असेल, कोण जाणे.

तर मी रेघेवर बसलेला. ऊन चढत होतं, आणि समुद्राच्या बाजूला ढगाची एक कड दिसायला लागली होती. मी मोबाइलवर गंभीरगडाचे फोटो दाखवले. त्यात मी बसलेलाच दिसत होतो, त्यामुळे काही सिद्ध झालं नाही. मी शपथा घेतल्या. कोणाला पटेना. शेवटी नवशी मावशी उठली, रेघेच्या एका टोकाला गेली, एक डोळा मिटून दुसऱ्या टोकाकडे बघितलं. सगळे तिच्याकडे बघत होते.

"हा मोजनीवाला नाय," ती म्हणाली. "ही रेघ बघा. सरकारी रेघ असली वाकडी नसती. बैल मुतला तरी यापेक्षा सरळ जाईल."

पहिल्यांदा वरचे हसले, मग खालचे. मी सुटलो. पण ते सुटले नव्हते. हसणं संपलं तरी रांग लागेना. जे बोलायचं नव्हतं ते बोलून झालं होतं. लहानूशेजारी रामजी बसेना, रामजीशेजारी लहानू. एकेक जण विळा ह्या हातातून त्या हातात करत होता. नवशी मावशी ढगाकडे बघत होती. तिची गुरं, तिच्या घरावरचं शाकारणं, सगळं त्या माळावर उभं होतं, आणि ऊन तेवढ्या एका दिवसाचं होतं.

मग तिने आपला विळा माझ्या हातात दिला. "हा मधी बसंल. हा कोनाचाच नाय."

माझ्या डाव्या हाताला लहानू, उजव्या हाताला रामजी. त्यांच्या पलीकडे एक वरचा, एक खालचा, अशी रांग लागली. मी आयुष्यात चिकू सोडून काही कापलेलं नव्हतं. रांगेचा नियम असा की कोणी मागे राहायचं नाही. म्हणजे मी मागे राहिलो की अख्खी रांग थांबणार. दोन पाड्यांची सराईत माणसं विळे मांडीवर ठेवून माझी वाट बघत बसायची. माझीच फक्की माझ्याच नाकात गेली आणि मी खोकायला लागलो, तेव्हाही रांग थांबली. "साहेब, दिवाळी पुढच्या सालीबी येते," कोणीतरी म्हणालं. थोड्या वेळाने साहेब गेलं. "मूठ खाली धर रं, झाडू मारतोस का?" असं सुरू झालं. साहेब गेल्यावर मला बरं वाटलं. साहेब म्हणत होते तोवर मी संशयित होतो.

पेज प्यायला बसलो तेव्हा मी नवशी मावशीजवळ सरकलो. रोग जात नाही तो नाहीच. हळूच विचारलं, "मावशी, हा लाडक्या तुमचा कोण लागायचा?"

"बाप," ती म्हणाली. "मी तवा पोटात होते."

पेजेचा वाडगा मी खाली ठेवला. ती वरच्या पाड्यातल्या म्हाताऱ्यांकडे बघत होती, एकेकाकडे, सावकाश. हे बघणं आजचं नव्हतं. प्रत्येक लग्नात, प्रत्येक कापणीत ती असंच बघत आली असणार, ह्याच्या बापाची काठी होती का, त्याच्या आज्याची होती का. म्हणूनच पहिल्या दिवशी तिने माझ्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघितलं असेल. मागून येणाऱ्याचं तोंड दिसत नाही.

गवत त्या दिवशी कापून झालं, हे सांगून टाकतो. भारे बांधले, गंजी रचून वर ताडपत्री टाकली, आणि पाऊस आला तो त्यानंतर. माझी रेघ शोधूनही सापडली नसती. पण पेजेनंतर एक गोष्ट घडली, ती राहिली.

दुपारचं ऊन डोक्यावर, हात भरून आलेले, आणि मला जरा जोर चढला होता. दोनचार मुठी बऱ्या कापल्या गेल्या होत्या. मी लहानूला दाखवायला म्हणून एक मोठी मूठ धरली आणि विळा जोरात ओढला. गवत सुटलं. विळा नाही थांबला. तो लहानूच्या नडगीला लागला.

लहानू ओरडला. खालच्या पाड्याची माणसं उठली. वरच्या पाड्याची उठली. रांग मोडली, आणि क्षणभर पुन्हा तेच, एका बाजूला हे, एका बाजूला ते, सगळ्यांच्या हातांत विळे. रामजी दोन्ही हात वर करून म्हणाला, "मी नाय! मी नाय!" मी लहानूचा पाय धरून बसलो होतो. रक्त फार नव्हतं, पण माझ्या तोंडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा निघत होतं. "अहो, मी गवतालाच मारत होतो! देवाशपथ, गवतालाच मारत होतो!"

नवशी मावशी बांधावरचा दगडीपाला चोळत आली. लहानूच्या नडगीवर दाबून धरला. मग तिथेच बसून माझ्याकडे बघत राहिली. माझ्या विळ्याकडे, माझ्या घामाकडे, मी अर्धवट कापलेल्या वाकड्यातिकड्या गवताकडे. इतका वेळ कोणी माझ्याकडे कधी बघितलं नाही. दोन्ही पाडे तिच्या तोंडाकडे बघत उभे होते.

शेवटी ती वरच्या पाड्याकडे वळली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तवा तुमच्यातबी ह्याच्यावानीच एक येडा असंल. गवताला माराया गेला, नि मान्साला लागलं."